मिस्टरांचं बीपी 152/98 आलंय, गोळी सुरू व्हायच्या आधी जेवणात काय बदलू?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कंपनीच्या मेडिकल चेकअपमध्ये मिस्टरांचं बीपी 152/98 निघालं, वय 43, आधी कधीच काही नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी नंतर दोन वेळा तपासलं तर तेवढंच. साखर, किडनीसाठीचं क्रिएटिनिन, ईसीजी नॉर्मल आहे म्हणून म्हणाले तीन महिने मीठ कमी करा, वजन उतरवा, चाला, मग गोळीचं बघू. आता मीठ कमी म्हणजे किती आणि कुठून? भाजीत मी बेतानंच घालते. पण आम्ही कोल्हापूरचे, कांदा-लसूण चटणीशिवाय आमच्यात घास उतरत नाही, आणि हे एमआयडीसीत शिफ्टला, एक जेवण कँटीनचं. वजन 84, उंची पाच फूट सात. तंबाखू पण आहे.
दुसरं म्हणजे सासूबाईंना सात वर्षं बीपीची गोळी टेल्मिसार्टन 40 चालू आहे, त्या म्हणतात मी पण तुमच्याबरोबर पथ्य करते आणि गोळी सोडून देते. शेजारच्या काकू म्हणतात सैंधव वापरा, काही होत नाही. सासरे पॅरालिसिसच्या झटक्यानं 58 व्या वर्षी गेले, त्यामुळे हे सगळं मला हलक्यात घ्यायचं नाहीये. ज्यांनी घरात करून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज.

वाईची_लेक
ताई, आधी एक काम करा. मिठाचा नवीन पुडा फोडाल त्यावर पेनानं तारीख लिहा. माणशी दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याच्या आत राहायचं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार माणसांचे झाले 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस पुरायला हवा. आमच्याकडे तो 24 दिवसांत संपला होता, आणि त्यात विकतचं लोणचं पापड फरसाण धरलेलंच नाही! मी पण तुमच्यासारखंच म्हणायचे की मी बेतानं घालते.
मग आठवडाभर लक्ष ठेवलं हात कुठं कुठं जातो त्यावर. कणकेत चिमूट, भाताच्या पाण्यात चिमूट, ताकात, काकडीच्या कोशिंबिरीत, आणि पान वाढताना सवयीनं आधी डावीकडं मीठ. ते ताटातलं मीठ पहिल्या दिवशी बंद केलं आणि डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. कणकेतलं काढलं तर घरात कुणाला कळलं पण नाही, भाकरीत तसंही कुठं असतं.
तुमच्या कांदा-लसूण चटणीचं सांगते कारण माझं सासर कराडचं. उन्हाळ्यात वर्षाची करताना टिकावी म्हणून त्यात भरपूर मीठ जातं, आणि मग भाजीत आपण चटणी पण घालतो आणि वरून मीठ पण घालतो. उलटं करा. चटणी घालून भाजी शिजू द्या, चव बघा, मगच लागलं तर मीठ. आमच्या निम्म्या भाज्यांना वरचं मीठ लागतच नाही आता. लिंबू, चिंच, ओलं खोबरं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आलं यांनी चव भागते. पण कोकमाचं आगळ आणत असाल तर जपून, ते खारवलेलंच असतं. खारे शेंगदाणे, चिवडा, खारी, पाव यांच्यात पण मीठ असतंच, आणि पापडात तर पापडखारामुळं सोडियम अजून वाढतं.
पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागेल, घरचे कुरकुर करतील, तेवढे काढा. तीन-चार आठवड्यांत जीभ बसते. आता बाहेरची मिसळ मलाच खारट लागते.

निवृत्त_सिस्टर
सासूबाईंची गोळी स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका, हे सगळ्यात आधी. सात वर्षं बीपी नॉर्मल दिसतंय ते गोळीमुळं दिसतंय. पथ्यानं फरक पडला आणि आकडे सतत कमी यायला लागले तर डॉक्टर स्वतः डोस कमी करतात, तसं होतंही. 32 वर्षं वॉर्डात काढली, गोळ्या सोडून महिना-दोन महिन्यांनी तोंड वाकडं झालेले पेशंट मी हातानं उचललेत.
सैंधवाचं सांगते, ते पण सोडियम क्लोराइडच आहे, रंग गुलाबी असला तरी. बीपीला त्याचा काही फायदा नाही. बाजारात लो सोडियम मीठ मिळतं त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं, त्याचा उपयोग होतो. चीनमध्ये 600 गावांत, जवळपास 21 हजार लोकांवर केलेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी झाले, 2021 साली ते छापून आलं. पण त्यात किडनीचा गंभीर आजार असलेले पेशंट घेतलेच नव्हते. तुमच्या सासूबाई टेल्मिसार्टनवर आहेत, त्या गोळीनं अंगात पोटॅशियम साठतं, म्हणून त्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. स्वयंपाक एकाच पातेल्यात होतो ना. रोज शहाळं सुरू करायचं असेल तरी त्यांच्यासाठी आधी विचारा.
आणि दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको, पट्टा दंडाच्या मापाचा बघून. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. घरच्या मशीनवर 135/85 च्या वर राहत असेल तर ते जास्तच धरतात. 180/120 च्या पुढं गेलं आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं असं काही असेल तर थेट हॉस्पिटल.
गुडघे दुखतात म्हणून सासूबाई पेनकिलर घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं.

सायकलवाला_चिंचवड
दादांसाठी लिहितोय, मी पण शिफ्टवालाच. माझं 148/96 होतं. मीठ सोडून दोन गोष्टींचा मला फरक जाणवला. एक वजन, साधारण किलोमागं एक पॉइंट उतरतो असं डॉक्टर म्हणाले होते, माझं सात किलो उतरलं. दुसरी म्हणजे ताट भरून भाजी. 1997 ला अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराची चाचणी झाली, त्यात मीठ तेवढंच ठेवून नुसती फळं, भाज्या आणि कमी फॅटचं दूध-दही वाढवलं तर बीपीवाल्यांचं वरचं बीपी 11 पॉइंटच्या आसपास उतरलं. आपल्याकडं त्याला वेगळं काही आणायला लागत नाही, शेवगा, मेथी, मुळा, मटकीची उसळ, पेरू, केळं, सायीशिवायचं दही. कँटीनमध्ये मी लोणचं-पापड घेतच नाही, आमटी अर्धी वाटी, आणि घरून काकडी-गाजर आणि फळाचा डबा. रोज अर्धा तास भराभर चालणं, नाईट शिफ्टनंतर झोपून उठल्यावर.
अजून एक, दादा जोरात घोरतात का आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का ते ताई तुम्ही बघा. माझ्या भावाचं बीपी काही केल्या उतरेना, शेवटी झोपेची तपासणी केली तेव्हा कारण सापडलं. आणि तंबाखू सुटायलाच हवी, नुसत्या पथ्यानं ते भरून निघत नाही. मोफत हेल्पलाइन आहे 1800-11-2356, माझ्या मित्राची तिथूनच सुटली.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सात आठवडे झाले म्हणून लिहिते. पुड्यावर तारीख टाकली होती, या वेळी 44 दिवस गेला. भाताचं मीठ बंद, ताटातलं बंद, रविवारी तांबडा-पांढरा चालू आहे पण वाटी एकच. वजन 80 आणि गेल्या आठवड्याची घरची सरासरी 138/88, डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा, अजून महिन्यानं ठरवू. सासूबाईंची गोळी चालूच आहे, सिस्टर, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. गुडघ्याची गोळी त्या मेडिकलमधून स्वतःच आणत होत्या ते पण त्याच दिवशी कळलं, ती आता डॉक्टरांनी बदलून दिलीय. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, दिवसाला दोन वेळांवर आलीय, नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय. घोरण्याचं आता रात्री जागून बघते.