टॉरिफॅक्शन: भुसा कोळसा होतो, मोठी चिप आतून कच्ची राहते, गॅसची पाइप तुंबते

भोसरीकर: सुबाभळीच्या चिप्सचं टॉरिफॅक्शन (हवेविना मंद भाजणं, म्हणजे लाकडाचं जास्त उष्णतेचं इंधन होतं) चालू आहे. जॅकेटवाला (बाहेरून गरम धुराचं आवरण असलेला) स्क्रू आहे, तो फिरत माल नळीतून पुढे ढकलतो: व्यास २५० मिमी, पिच २०० मिमी, तापणारी लांबी ३ मीटर, वेग ३ आरपीएम. जॅकेटमधून भट्टीचा गरम धूर फिरतो, भिंत ३२० अंशांवर. फीड ताशी १५० किलो, ओलावा १२ ते १८ टक्के, चिप्स ५ ते ४० मिमी, भुसा न चाळलेला. मोठी चिप मोडली की मधे कोरं लाकूड दिसतं. भिंत ३५० वर नेली की भुसा पार कोळसा होतो, चिप मात्र तशीच. गॅस ३ इंची, ८ मीटर पाइपने पाण्याच्या स्क्रबरला (गॅस पाण्याने धुणाऱ्या टाकीला) जातो. ती पाइप दोन दिवसांत डांबराने भरते. तापमान वाढवायचं की स्क्रू बदलायचा?

चिमणीखाली: तापमान वाढवू नका, आधी हिशेब मांडा. २५० मिमी नळी, ३ मीटर, म्हणजे साधारण १४७ लिटर. भरण ४० टक्के धरलं तर ५९ लिटर, आणि चिप्सची घनता घनमीटरला २०० किलो धरली तर आत एका वेळी जेमतेम १२ किलो माल असतो. ताशी १५० किलो ढकलता, म्हणजे माल ५ मिनिटांत बाहेर. ३ आरपीएम गुणिले २०० मिमी करून पाहा, तेच उत्तर येतं. त्यातला बराच वेळ पाणी उडण्यातच जातो. ४० मिमी चिपच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचणार कधी?

वेग १ आरपीएम करा, फीड ताशी ४५ किलोवर आणा. १५ मिनिटं मिळतील. वेग नुसता व्हीएफडीवर (विजेची हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) उतरवू नका. फार कमी हर्ट्झला मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो आणि मोटर तापते. गिअरबॉक्सचं गुणोत्तरच बदला. चिप्स चाळून ८ ते २० मिमीच घ्या, भुसा भट्टीत जाळा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भिंतीवर नको, शेवटच्या मीटरमध्ये मालात बुडेल असं बसवा. मालाचं तापमान २६० ते २७५ ठेवा. २८० च्या वर हेमिसेल्युलोज (लाकडाचा एक घटक) फुटताना निघणारी उष्णता जाणवू लागते आणि तापमान आपोआप चढतं. तेव्हा भट्टी मंद करूनही लगेच उतरत नाही.

माल जमला का, ते रंगावर ठरवू नका. कोरड्या १०० किलोतून ७० ते ७५ किलो परत यायला हवेत. त्यात मूळ ऊर्जेचा ८५ ते ९० टक्के वाटा राहतो, म्हणून किलोमागची उष्णता ४३०० वरून ५२०० किलोकॅलरीच्या आसपास जाते. ६० किलोच भरले तर तुम्ही इंधन जाळून टाकताय.

गॅसलाइन: स्क्रबर काढा. त्या गॅसमध्ये वाफ, अ‍ॅसिटिक आम्ल, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबराची वाफ असते. पाण्यात धुतलात तर काळं आंबट पाणी उरतं, ते ना गटारात सोडता येतं ना साठवता येतं. गॅस थेट भट्टीच्या बर्नरला न्या, तीच उष्णता जॅकेटला परत मिळते. पाइप जितकी आखूड तितकी बरी, १ ते २ मीटर, व्यास ४ ते ६ इंच, स्टेनलेस ३१६. साधं लोखंड या आम्लाने खाल्लं जातं. पाइपची भिंत २५० अंशांखाली कुठेच जाऊ देऊ नका. फ्लँज आणि सपोर्ट उघडे राहिले की नेमकं तिथेच डांबर धरतं, म्हणून त्यांनाही उष्णतारोधक लोकर गुंडाळा. कोपऱ्यावर एल्बोऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) टाका, मोकळ्या तोंडाला ब्लाइंड फ्लँज (उघडता येणारं झाकण). घासायला सळई आत जाते.

रिअ‍ॅक्टरमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासाच कमी, वजा २ ते ५ मिमी पाण्याच्या उंचीइतकाच ठेवा. पंखा जोरात लावलात तर हॉपरमधून हवा खेचली जाते. दोन्ही टोकांना रोटरी व्हॉल्व (फिरत्या पात्यांनी माल आत-बाहेर सोडणारा, पण हवा अडवणारा) हवाच. पाती आणि घर यांतली फट वाढली की आत हवा शिरते आणि ठिणग्या दिसू लागतात.

फीडचा ओलावा १० टक्क्यांखाली आणा, नाहीतर गॅस वाफेने इतका पातळ होतो की एकटा पेटत नाही, सतत एलपीजीचा आधार लागतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात उघड्यावरचा माल यात बसणारच नाही. भट्टीच्या धुरावर चालणारा वेगळा ड्रायर लागतो.

भोसरीकर: पण ताशी ४५ किलोत पोट भरणार नाही. १५० हवेच असतील तर?

चिमणीखाली: २० मिनिटांसाठी आत ५० किलो माल हवा. ४५० मिमी व्यास, ४ मीटर लांबी. पण व्यास वाढला की किलोमागे तापणारी भिंत कमी पडते. त्यामुळे माल आधी कोरडा आणि गरम करून द्या, शाफ्टही पोकळ घेऊन त्यातून गरम वायू फिरवा. याहून मोठं करायचं असेल तर स्क्रू सोडून फिरत्या ड्रमचा विचार करा.

गॅसलाइन: थंड करणाऱ्या स्क्रूचं कोणीच बोललं नाही. २७० अंशांचा माल हवेत पडला की पेटतो. पाण्याच्या जॅकेटचा दुसरा स्क्रू, तोही हवाबंद. माल ५० अंशांखाली आल्यावरच बाहेर. त्यानंतरही पहिले २४ तास ढीग उंच करू नका, मधोमध तापमापी खोचा. ताजा माल ऑक्सिजन ओढून स्वतःच तापतो. बंद खोलीत ठेवाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि त्याचा भुगा स्फोटक असतो, तेव्हा ग्राइंडरजवळ वेल्डिंग बंद.