अनुभव धागा: तुमच्या गाडीची पाटी कशी ठरली?

मासुंदाकाठ
शनिवारी अखेर गाडीला हाय सिक्युरिटी पाटी बसवून घेतली. जुन्या गाड्यांना ती बसवायच्या तारखा सरकार पुढे ढकलत होतं, मी माझ्या ढकलत होतो. जुन्या पाटीचे स्क्रू इतके गंजलेले की एकाला छिन्नी लावावी लागली. नवी पाटी ठोकून झाल्यावर पोराने विचारलं, "काका, जुनी नेताय की टाकू?" आणि मला पटकन उत्तरच देता येईना.

२००८ ची वॅगनार, एमएच ०४. घरातली पहिली चारचाकी. पाटी करायला नौपाड्यात एका रेडियमवाल्याकडे बाबा, धाकटा भाऊ आणि मी, दीड तास उभे. भावाला तिरकी अक्षरं हवी होती, मला सोनेरी कड. बाबांचं एकच: "चेकवर रक्कम लिहितात तसं लिहा. पोलिसाला वाचता आलं पाहिजे, आणि पार्किंगमध्ये मलाही." शेवटी पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं, आणि भावाचं मन राखायला कोपऱ्यात नखाएवढा गणपती. सतरा वर्षं गाडी धुऊन धुऊन त्याची फक्त सोंड उरली होती.

नव्या पाटीवर अशोकचक्राचं चकचकीत होलोग्राम आहे, निळ्यात आयएनडी आहे, लेसरने कोरलेला बारीक नंबर आहे. सोंड नाही.

जुनी घेऊन आलो. सध्या चपलांच्या कपाटावर आहे. बायको रोज बघते आणि काही बोलत नाही, म्हणजे बोलणार आहे.

तुमचं लिहा. चॉइस नंबर, नक्षीदार अक्षरं, भांडणं, पावत्या, सगळं चालेल.

कोपरीकर
८०५५. कॉलेज, दुसरं वर्ष, सेकंडहँड पल्सर. अजून काही सांगू?

ऐरोलीची सून
@कोपरीकर बॉस!! 😂 आमच्या दिराची पण होती. आता ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि लोकांच्या गाड्यांना जॅमर लावतात.

रेडियमवाला
बारा वर्षं हेच काम केलं, कळव्याला. बॉस सोडा, खरी कला २१४ मध्ये. दोनचा र, एकचा काना, चारचा पोटफुगा म. झाला राम. ४९१२ आला की गिऱ्हाईक पवारच असणार, आडनाव विचारायची गरज नाही. ४१४१ वर मात्र भांडणं व्हायची. एकाला दादा करून दिलं, तो संध्याकाळी परत. सगळे पापा वाचतात म्हणे. लग्न व्हायचं होतं त्याचं.

आम्हाला माहीत होतं चालत नाही ते. अक्षरं इंग्रजी, आकडे साधे, नंबराशिवाय पाटीवर दुसरं काही नको, नियम जुनाच आहे. गिऱ्हाइकाला सांगायचो, तो म्हणायचा पावती मी भरतो. एप्रिल २०१९ पासून नवी गाडी शोरूममधूनच पाटी लावून यायला लागली, तिथेच धंदा बसला. आता मागच्या काचेवर "आई एकवीरा प्रसन्न" आणि मोबाईलची कव्हरं.

मासुंदाकाठ
@रेडियमवाला दादा, तो सोंडेचा गणपती तुमच्यापैकीच कुणाचा तरी असणार.

नेरूळ सेक्टर माहीत नाही
मी दुसऱ्या बाजूची. कुणाच्या तरी हौसेचं ई-चलान मला. हेल्मेट नाही म्हणून. माझ्याकडे दुचाकीच नाही!! फोटो मोठा करून बघितला तर त्या भल्या माणसाने ८ असा काही वळवला होता की ३ वाटावा. तीन वेळा तक्रार केली, फोटो जोडला, आरसी जोडली, तेव्हा रद्द झालं. म्हणून तुमचे बॉस आणि दादा मला गोड वाटत नाहीत, सॉरी. कुकर झाला, येते.

कोपरीकर
@नेरूळ ताई, पल्सर होती, पण मी नव्हतो. आईशप्पथ.

दोन नंबरी
आमच्याकडे पाटीच्या रूपावर नाही, बेरजेवर वाद. सासऱ्यांना बेरीज ९ च हवी. वाशीच्या आरटीओत नंबरसाठी अर्ज केला, त्याच नंबरावर आणखी एक अर्ज निघाला. मग बंद पाकिटात जादा रकमेचा डीडी, ज्याचा मोठा त्याचा नंबर. सासरे रात्रभर आकडा ठरवत होते, लेकीच्या लग्नात एवढे जागले नसतील. हरले. मग जो आला तो घेतला, बेरीज ८. पहिल्याच आठवड्यात बंपर घासला. अजून ऐकतोय.

आजीबाई घोडबंदर
मुलगा लेस्टरला असतो. तिकडे पुढची पाटी पांढरी आणि मागची पिवळी. मला वाटलं मागून टॅक्सी आहे की काय. तिकडे आपला नंबर विकत घेऊन दुसऱ्या गाडीवर नेता येतो म्हणे, पण जुन्या गाडीला नवीन भासेल असा नंबर लावायचा नाही. अक्षरांमधलं अंतरसुद्धा हलवायचं नाही. म्हटलं बरं झालं, आमच्या घोडबंदरला गाड्याच हलत नाहीत. आज गायमुखला पाऊण तास. टोल गेला, वेळ कुठे वाचला?

ऐरोलीची सून
आजी, मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ ला गेला, तेव्हापासून आमचे हे नाक्यावर सवयीने खिशात हात घालतात.

हिरवा कंदील
इलेक्ट्रिक घेतली, पाटी हिरवी. निवड वगैरे प्रश्नच नाही. वॉचमन पहिले पंधरा दिवस व्हिजिटरच्या वहीत लिहायचा. एक काका लिफ्टमध्ये विचारतात, "भाड्याने लावलीय का?" काका, भाड्याच्या इलेक्ट्रिकची अक्षरं पिवळी, माझी पांढरी. आता पाठ झालंय.

दोन नंबरी
@मासुंदाकाठ काचेवरचा स्टिकर लावलात ना? पेट्रोलला फिकट निळा, डिझेलला केशरी. तोही त्याच पाटीचा भाग आहे, लोक डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरतात.

मासुंदाकाठ
कप्प्यातच आहे. 🙈 उद्या लावतो.

कोळीवाड्याची पोर
आमच्या आप्पांच्या टेम्पोवर पाटी पेंटरने हाताने रंगवलेली. पिवळ्यावर काळं. शून्याच्या पोटात त्याने हळूच एक मासा काढला होता, पापलेट. कुणाला दिसायचा नाही, आम्हा पोरांनाच माहीत. पासिंगच्या वेळी आप्पा त्यावर काळा रंग फासायचे आणि घरी येऊन रॉकेलने पुसायचे. एका वर्षी मासाही पुसला गेला. पेंटर तोवर गावी गेला होता. आप्पांनी स्वतः काढायचा प्रयत्न केला, तो बोंबील झाला.

रेडियमवाला
@कोळीवाड्याची पोर हे भारी. आमच्या मशीनने असला मासा नाही निघत.

नेरूळ सेक्टर माहीत नाही
आले. पापलेट वाचून भूक लागली. तो मासा माफ, ८ चा ३ नाही.

मासुंदाकाठ
ताजी बातमी: पाटी चपलांच्या कपाटावरून गेली. शोधाशोध केली. बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली, पाणी खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून. नंबर वर, सोंड बाहेर. बायको म्हणते, ठेवायचीच आहे ना, मग कामाला लागू दे.

आजीबाई घोडबंदर
कढीपत्ता कुंडीत जगतो का रे तुमच्याकडे? माझा दरवर्षी जातो.

मासुंदाकाठ
आंबट ताक घाला आजी, पाणी मिसळून, पंधरा दिवसांतून एकदा.