मॅचमागे पाकीट की सहीचा कागद? खानदेशातल्या फुटबॉल क्लबांनी काय करावं

गोलकिक, जळगाव
खेळाडूला मॅचमागे रोख पाकीट द्यावं की लेखी करार करावा, यावर माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला पैसे देऊन खेळवता, त्याच्याशी लेखी करार करा आणि मॅचनंतर बाईकवर बसून पाकीट वाटणं बंद करा. फिफाच्या नियमावलीत ‘सेमी-प्रोफेशनल’ असा खेळाडूच नाही. कलम 2 मध्ये दोनच जाती: लेखी करार आहे आणि खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो प्रोफेशनल, बाकी सगळे हौशी. म्हणजे महिना पाच हजार घेणारा पण कागद नसलेला स्ट्रायकर नियमाच्या लेखी हौशीच. त्याचे पैसे बुडाले तर तक्रार कशाच्या आधारावर करणार?
कागद असला की वाट असते. देणं 30 दिवसांहून जास्त रखडलं, तर खेळाडू क्लबाला लेखी कळवून 10 दिवसांची मुदत देतो आणि मग दाद मागतो. दोन महिन्यांचा पगार थकला तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन, तरी पैसे न आल्यास, करार सोडता येतो. ‘स्पॉन्सरचा चेक आला की देऊ’ छापाचं सवलतीचं कलम फिफा मानतच नाही.

तिजोरी_रिकामी, धुळे
भो, त्या चेकवरच तर सगळा गाडा चालतो! शहरातल्या क्लबाचा पैसा म्हणजे एखादा ठिबकवाला, एखादा बियाणांचा दुकानदार आणि निवडणूक जवळ असली तर एखादा भावी नगरसेवक. तिघंही आकडा तोंडी सांगतात. क्लबाने मात्र लेखी बांधून घ्यायचं?
हिशेब करू. समजा 20 जणांच्या संघात पैसे घेणारे 8, सीझन 5 महिने, मॅच 14. महिना 4,000 लिहून दिले तर 1,60,000. मॅचमागे 1,000 दिले तर 1,12,000, तेही सगळे सगळ्या मॅच खेळले तर. मधले 48,000 म्हणजे गावाबाहेरच्या मॅचचं गाडीभाडं आणि जेवण. शिवाय पाऊस आला, चार मॅच रद्द झाल्या, तर महिन्याचा पगार थांबत नाही. मॅचमागचा थांबतो.

गोलकिक, जळगाव
थांबतो, आणि खेळाडूही थांबतो. त्याच रविवारी शेजारच्या तालुक्यात सेव्हन्सची (सात-सात जणांच्या फुटबॉलची) स्पर्धा असली आणि तिथे रोख 1,500 मिळत असले, तर तुमच्या हजारासाठी तो का येईल? सेव्हन्समध्ये पाय मुरगळून बुधवारी लंगडत आला तरी तुम्ही बोलू शकत नाही, कारण बांधलंय कुठे?
मधला मार्ग घ्या. महिना 2,000 ठरावीक आणि मॅचमागे 500. तुमच्याच आकड्यांनी 80,000 अधिक 56,000, म्हणजे 1,36,000. त्या दोन हजारांच्या बदल्यात लिहून घ्या: सरावाला हजेरी आणि परवानगीशिवाय दुसरीकडे खेळायचं नाही. इंग्लंडच्या खालच्या लीगमध्येही साधारण असंच असतं, थोडा ठरावीक पैसा आणि उतरल्याचे वेगळे. तिथे करार नसलेल्या ‘नॉन-कॉन्ट्रॅक्ट’ खेळाडूलाही पैसे मिळतात, पण दुसरा क्लब सात दिवसांची सूचना देऊन त्याच्याशी बोलू शकतो आणि पहिल्या क्लबाच्या हातात छदामही पडत नाही.

रुळावरचा_विंगर, भुसावळ
आमच्याकडचा पेच वेगळा. भुसावळच्या कुठल्याही संघात दोन-चार रेल्वेवाले असतातच. रेल्वे सेवकांच्या 1966 च्या वर्तणूक नियमांत, परवानगी न घेता ज्या गोष्टी करता येतात त्यांत खेळ आहे, पण ‘हौशी म्हणून’. गोलकिकचा कागद सही केला की तो हौशी राहत नाही. पाच महिन्यांच्या 10,000 साठी खात्याची चौकशी कोण अंगावर घेईल? पाकीट म्हणूनच टिकलंय, अडाणीपणामुळे नाही.

खतावणी, जळगाव
पाकीट टिकलंय खरं, पण रेल्वेवाल्याला ते वाचवत नाही. पाकीट घेतलं तरी पैसे घेतलेच. त्याला फक्त खर्च द्या, बिलावर: तिकीट, बूट, टेप, फिजिओ. खर्चाएवढेच मिळाले तर तो फिफाच्या व्याख्येतही हौशीच राहतो. महिन्याला ठोक दीड हजार ‘प्रवासभत्ता’ लिहून मोकळं होऊ नका. माणूस मैदानाशेजारी राहत असेल तर तो प्रवास कुठला?
बाकीच्यांसाठी. क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर दरवर्षी ऑडिट होतं, आणि ‘खेळाडू मानधन 1,12,000 रोख’ ही एक ओळ सही-व्हाउचरशिवाय पास होत नाही. बँकेतून द्या. मानधन म्हणून एकाला वर्षात 50,000 च्या वर गेलं तर 10 टक्के टीडीएस कापायचा, खेळाडू त्या यादीत येतात. आपल्याकडच्या रकमा बहुतेक त्याखालीच राहतात, म्हणून टॅक्सचं भूत उगाच दाखवू नये.

कलम_कसाई, नंदुरबार
कागदाच्या बाजूने आहे, पण घाईचा कागद पाकिटापेक्षा वाईट. नेहमी सापडणाऱ्या चुका सांगतो.
17 वर्षांच्या पोराशी करार: करार कायद्यात अल्पवयीनाचा करार मुळातच निष्फळ. वडिलांची सही घेऊन भागत नाही. अल्पवयीन नटीच्या वतीने वडिलांनी केलेला करार मुंबई उच्च न्यायालयाने राजराणी विरुद्ध प्रेम अदीब खटल्यात टिकवला नाही. पोराची हौशी म्हणून नोंदणी करा, गप्प बसा.
‘सोडून गेल्यास एक लाख दंड’: कोर्ट वाजवी नुकसानीपुरतंच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा.
‘करार संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या क्लबाकडे जाणार नाही’: करार कायद्याच्या कलम 27 खाली फोल. 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीनंतरचं बंधन उडवलंच. क्लब बदलायची एनओसी (ना-हरकत पत्र) अडवून धरणारे सेक्रेटरी हे वाचत नाहीत, हा भाग निराळा.
आणि सगळ्यात जास्त भांडण ‘मॅच खेळली’ या दोन शब्दांवर. बेंचवर बसून राहिला तर? 85 व्या मिनिटाला उतरला तर? पावसात अर्ध्यावर सुटली तर? लिहा: सुरुवातीच्या अकरात पूर्ण, बदली उतरला तर 60 टक्के, नुसता बेंचवर 30 टक्के, रेफ्रीची टीमशीट (कोण खेळलं त्याची यादी) अंतिम, किकऑफ झाला की मॅच धरायची.

तिजोरी_रिकामी, धुळे
60-30 मान्य. पण दुखापतीवर सगळे चिडीचूप! गुडघ्याचं लिगामेंट गेलं की पोरगं सहा-नऊ महिने बाहेर. करार लिहिला म्हणजे पगार आणि ऑपरेशन दोन्ही क्लबाच्या गळ्यात?

कलम_कसाई, नंदुरबार
लिहाल तेवढंच गळ्यात, म्हणून न लिहिता सोडू नका. क्लबाच्या मॅच किंवा सरावात दुखापत झाली तर ठरावीक रक्कम सहा आठवडे, मॅचचे पैसे नाहीत. सेव्हन्समध्ये झाली तर काही नाही. 24 तासांत मॅनेजरला कळवायचं, नाहीतर ‘सरावातच झाली’ म्हणत पंधरा दिवसांनी येतात. विम्याचं म्हणाल तर वर्षाला 20 रुपयांची सरकारी सुरक्षा विमा योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरती, ऑपरेशनला कामाची नाही. खासगी अपघात पॉलिसी घेताना ‘व्यावसायिक खेळ वगळून’ अशी ओळ आहे का ते आधी पाहा, बऱ्याच पॉलिसींत असते.

रुळावरचा_विंगर, भुसावळ
म्हणजे करारावर सही केली की त्याच सहीमुळे विमा नाकारला जाऊ शकतो. गोलकिक, यावर बोला.

गोलकिक, जळगाव
बरोबर, ते माझ्या लक्षात नव्हतं. मग 8 जणांचा हप्ता किती पडतो ते विचारून तो आकडा 1,36,000 मध्ये आधीच धरायचा. नाही परवडला तर 8 ऐवजी 6 जणांशी करार.

तिजोरी_रिकामी, धुळे
सहा आठवड्यांचे चार करा, मी कमिटीसमोर ठेवतो.