मायोटॉनिक डिस्ट्रॉफीची लक्षण-प्रश्नावली: रुग्ण फक्त ४०, प्रश्न ६२

प्रश्न:
मायोटॉनिक डिस्ट्रॉफी प्रकार १ (स्नायू कमजोर होतात आणि आवळले की पटकन सैल होत नाहीत, असा आनुवंशिक आजार) साठी रुग्णांनी स्वतः भरायची प्रश्नावली करतोय. मसुद्यात ६२ प्रश्न आहेत, रुग्ण जेमतेम ४०. फॅक्टर अॅनालिसिसला (कोणते प्रश्न एकच गोष्ट मोजतात ते आकडेवारीने शोधणं) हे पुरणार नाही. मग प्रश्न गाळायचे कशावर? आणि ‘मागच्या महिन्यात’ हा कालावधी चालेल का?

उत्तर १:
हे ६२ प्रश्न आले कुठून? डॉक्टरांच्या यादीतून आले असतील तर आधी रुग्णांच्या मोकळ्या मुलाखती घ्या, सलग दोन-तीन मुलाखतींत नवं लक्षण निघेनासं होईपर्यंत. मग यादी सगळ्यांना द्या: लक्षण आहे का, असेल तर त्रास किती (० ते ४). लक्षण असलेल्यांचं प्रमाण गुणिले त्यांच्या त्रासाची सरासरी, हा त्या प्रश्नाचा गुण. समजा, मूठ पटकन सुटत नाही असं ४० पैकी ३६ जण म्हणाले आणि सरासरी २ आली, तर ०.९ × २ = १.८. सर्वांत कमी गुणांचे प्रश्न आधी गाळा, पण डोळे झाकून नको. घास अडकणं थोड्यांनाच होत असेल, तरी ते धोक्याचं लक्षण आहे.

उत्तर २:
महिना नको, ७ दिवस ठेवा. मूठ अडकणं थंडीत वाढतं, हात चालवला की कमी होतं. महिन्याची सरासरी कुणी मनात धरत नाही.

खरी गफलत शब्दांत होते. ‘हाताचा त्रास आहे का?’ या एका प्रश्नात मूठ न सुटणं आणि पकड कमजोर असणं, दोन्ही येतात. मेक्सिलेटिन या स्नायू सैल व्हायला मदत करणाऱ्या औषधाने पहिलं कमी होतं, दुसरं नाही. एकत्र विचारलंत तर औषधाचा फरक दिसणारच नाही. थकवा आणि दिवसा येणारी झोप हेही असंच वेगवेगळं विचारा.

दुसरं म्हणजे, जिना चढणंच सोडलेला माणूस ‘त्रास नाही’ लिहितो. ‘करतच नाही’ हा वेगळा पर्याय द्या, आणि तो शून्यात मोजू नका. किमान ७ जणांकडून प्रश्न मोठ्याने वाचून घ्या. त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या.

उत्तर ३:
७ दिवस ठीक, पण पडणं आणि ठसका लागणं त्यात निसटतं. त्या दोन्हींना ४ आठवडे द्या, वेगळ्या पानावर. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. प्रकृती स्थिर असलेल्यांत आयसीसी (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात त्याचा आकडा) ०.७० च्या खाली नको. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तेच प्रश्न फिरवून विचारले गेलेत. या आजारात झोप आणि निरुत्साह दोन्ही असतात, लांब फॉर्म अर्धवट परत येतो. प्रश्न २५ च्या आत बसवा. घरच्यांनी भरलेले फॉर्म मात्र रुग्णांच्या फॉर्ममध्ये मिसळू नका.