मदत हवी आहे: ऑलिव्हला कळी आली, पण सेटिंगच (फळधारणा) नाही (निफाड, जि. नाशिक)

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेला लागून अर्धा एकर मोकळा होता, तिथे सासऱ्यांनी हौसेने ऑलिव्ह लावलं. अर्बेक्विना आणि कोरोनेकी अशा दोन जाती, रोपं फांदीच्या छाटापासून केलेली. रोपवाटिकेने तिसऱ्या वर्षी फळ सांगितलं होतं. आता पाचवं चालू आहे. झाडं डोक्याच्या वर गेलीत, पाला हिरवागार, फळाचं मात्र नाव नाही.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस ओढ्याकडच्या खोलगट भागातल्या झाडांवर कळी दिसली. पानाच्या बेचक्यात बारके झुपके, आंब्याचा मोहर अगदी लहान करावा तसे. मार्चमध्ये फुलं उमलली, मलईच्या रंगाची, चार पाकळ्यांची. आठवडाभरात सगळी खाली. एक मणी धरला नाही. वरच्या अंगाच्या झाडांना तर कळीच नव्हती. खत-पाणी दोन्हीकडे सारखंच.

घरात तीन मतं आहेत. दीर म्हणतात डाळिंबासारखा ताण देऊ, इथ्रेलने पानगळ करू आणि बहार धरू. शेजारचे काका म्हणतात जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर मारतो ते संजीवक) मारा. सासरे म्हणतात उपटा आणि पेरू लावा. नक्की काय करावं? माती मध्यम काळी, पाणी ठिबकवर.

— गोदाकाठची

मुरमाड_माळ: ताई, छाटणी कधी करता ते लिहिलं नाही. आणि फुलं गळाली तेव्हा एखादं उघडून पाहिलं होतं का?

गोदाकाठची: छाटणी ऑक्टोबरात. द्राक्षाची टोळी आलेली असते, तीच यांचे शेंडे मारून जाते. फुलं जवळून पाहिली नाहीत, पण मोबाइलमध्ये फोटो आहेत. मोठा करून पाहिला तर दोन पिवळे परागकोश दिसतात, मधे काही दिसत नाही.

मुरमाड_माळ: मग बरंचसं उत्तर इथेच मिळालं. ऑलिव्हचं फूल मागच्या हंगामात वाढलेल्या काडीवर येतं. आपल्याकडे ती काडी पावसाळ्यात तयार होते आणि ऑक्टोबरात टोळी तीच कापून नेते. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या फुटीवर घड येतो म्हणून तिथे ते चालतं. इथे छाटणी फुलोरा संपल्यावर, एप्रिलमध्ये करा. तीही हलकी, आत ऊन जाईल एवढीच.

फोटोतली फुलं नर आहेत. ऑलिव्हमध्ये दोन तऱ्हेची फुलं असतात. पूर्ण फुलात दोन परागकोशांच्या मधे हिरवं, फुगीर स्त्रीकेसर असतं. कळी वाढताना झाडाला पाणी किंवा अन्न कमी पडलं की ते खुंटतं आणि फूल नुसतं परागापुरतं उरतं. त्यातून फळ होणार नाही. म्हणून ताणाचा विचार डोक्यातून काढा. डाळिंब ताणाने बहार देतं, ऑलिव्हचं तसं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वाफसा टिकला पाहिजे. इथ्रेलही नको. हे सदाहरित झाड आहे, ज्या पानांच्या जिवावर कळी पोसायची तीच पाडून कसं चालेल?

कोरडवाहू: वरचं सगळं पटलं, पण थंडीचा मुद्दा राहिला. मी काही वर्षं बिकानेरकडे कामाला होतो. राजस्थानात २००७-०८ पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्ह लावलं गेलं, २०१४ मध्ये लुणकरणसरला तेलाची रिफायनरीही सुरू झाली. तिथेसुद्धा झाड जगवणं सोपं होतं, फुलवणं अवघड.

ऑलिव्हचा डोळा हिवाळ्यात थंडी मिळाली तरच फुलाकडे वळतो, नाहीतर त्यातून पानंच निघतात. रात्री २ ते ४ अंश आणि दिवसा १५ ते १९ अशी चढउतार त्याला सगळ्यात मानवते. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत ५-६ वर येतो, पेपरात बातमी येते, पण त्याच दिवशी दुपारी २७-२८ असतो. रात्रीची कमाई दुपारी जाते. ओढ्याकडची झाडं का फुलली तेही यात आलं. थंड हवा जड असते, रात्री उतरून खोलगटात साचते आणि सकाळी उशिरा उठते. तेवढ्या फरकाने तिथे कळी आली, वर नाही आली.

जीए तर मुळीच नको. थॉमसन द्राक्षाचा मणी लांबवायला ते ठीक. ऑलिव्हमध्ये ते फुलकळी बनणं दाबतं.

पुढचा अडथळा मार्चचा. पराग वाऱ्याने पसरतो, त्याला मधमाशीची गरज नाही, पण पारा तिशीच्या वर गेला आणि कोरडं वारं सुटलं की परागनळी नीट वाढत नाही, स्त्रीकेसराचं टोक वाळतं. फुलोऱ्यात पाणी तोडू नका, पश्चिमेला शेवरीची दाट ओळ धरा. तसंही सगळी फुलं कधीच धरत नाहीत, शंभरात एक-दोन टिकली तरी पीक चांगलं म्हणतात. दोन जाती आहेत हे बरं आहे, कोरोनेकीला परका पराग लागतो. फक्त दोन्ही एकाच वेळी फुलतात का, ते बघा.

पिंपळगावकर: बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य) कमी असेल तरी सेटिंग कमी होतं. पण आधी प्रयोगशाळेत पान तपासून घ्या, बोरॉन जास्त झालं तर पानांची टोकं जळतात. आणि द्राक्षाच्या शेड्यूलवर नत्र सोडत असाल तर ते थांबवा, नुसता पाला वाढेल. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचत असेल तर चर काढा, ऑलिव्हच्या मुळ्या पाण्यात टिकत नाहीत.

गोदाकाठची: सगळ्यांचे आभार. दिरांना धागा वाचायला दिला. इथ्रेल बारगळलं. म्हणजे यंदा ऑक्टोबरात टोळीला तिकडे फिरकू द्यायचं नाही. आणि वरच्या झाडांचं काय? ती ठेवण्यात अर्थ आहे का?

कोरडवाहू: खरं सांगू? वरच्या अंगाला सासऱ्यांचं ऐका, पेरू लावा. ओढ्याकडची मात्र अजून दोन हिवाळे ठेवा. तिथेही दरवर्षी फळ येईल या भरवशावर राहू नका, हे झाड मुळातच एक वर्षाआड फळणारं.

गोदाकाठची: पेरूचं ऐकून सासरे खूश आहेत. कळी आली की या वेळी फुलं उघडून फोटो टाकते. पान तपासायला कोणत्या महिन्यात आणि कितवं पान द्यायचं, तेवढं कोणी सांगेल का?