तयार मापनी, दोन देश, एक टी-टेस्ट: झालं आंतरसांस्कृतिक संशोधन?

सूचीकार: 'सरासरी' यांच्या कालच्या पोस्टखालीच लिहिणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा. 'सरासरी' यांचं म्हणणं असं की ग्रंथालयशास्त्रात आंतरसांस्कृतिक अभ्यासाचा उगाच बाऊ केलाय. तयार मापनी, म्हणजे सहमत-असहमत विचारणाऱ्या विधानांची प्रश्नावली, घ्या, भाषांतर करा, उलट भाषांतराने (म्हणजे पुन्हा मूळ भाषेत आणून) पडताळा, दोन देशांत भरून घ्या, टी-टेस्ट लावून दोन्हींच्या सरासऱ्या ताडून पाहा. मुलाखती म्हणजे 'गप्पागोष्टी'.

अहो, निदान उदाहरण तरी दुसरं घ्यायचं! तुम्ही घेतलीत बोस्टिक यांची १९९२ ची ग्रंथालय-भीतीची मापनी. ती ज्या कल्पनेवर उभी आहे ती कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये मांडली, तीही विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या अनुभवांवरून. म्हणजे तुमच्या गप्पागोष्टीच.

त्या मापनीत सुट्टे पैसे देणारं यंत्र बंद असतं का, असं एक विधान आहे. जिथे असं यंत्र कधी कुणी पाहिलंच नाही तिथला विद्यार्थी काय करणार? मधल्या रकान्यात टिक. आणि तुम्ही ती टिक 'मध्यम भीती' म्हणून मोजणार. जिथे चिठ्ठी दिल्यावर आतून पुस्तक येतं, तिथे कपाटांमधून पुस्तक शोधताना गोंधळता का, हे विचारून काय हाती लागणार? उलट भाषांतर चोख होईल हो, पण तो अनुभव त्या पोराला आलेलाच नाही.

सरासरी: एवढा राग एका यंत्रावर? काढून टाका ते विधान. आता तुमच्या मुलाखतींचं बोला. इथले पंधरा जण, तिथले पंधरा, प्रत्येकाची वेगळी कहाणी, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर 'संदर्भ महत्त्वाचा'. हे वाचायला संशोधन कशाला लागतं? देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टीडचे देशनिहाय आकडे आहेत. जिथे सत्ता-अंतर, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी निमूट मान्य करण्याची वृत्ती, जास्त तिथे विद्यार्थी काउंटरवर प्रश्न विचारत नाही. साधं, तपासता येण्याजोगं.

सूचीकार: एका विधानाचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. कुवेतमध्ये, इस्रायलमध्ये ती मापनी वापरली तेव्हा मूळचे पाच घटक, म्हणजे एकत्र जाणाऱ्या विधानांचे पाच संच, जसेच्या तसे निघाले नाहीत. ढाचाच वेगळा निघत असेल तर सरासऱ्या कसल्या ताडता? आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स दाखवा, म्हणजे मापनी दोन्हीकडे एकच गोष्ट एकाच तऱ्हेने मोजते हे, मग टी-टेस्ट.

आणि हॉफस्टीड! ते आकडे आले कुठून, तर १९६७ ते १९७३ मधल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून. त्यांच्यावरून आजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा संकोच समजावायचा? देशाचा आकडा एकेका माणसाला चिकटवू नका, हे खुद्द हॉफस्टीडच बजावून गेलेत.

तळमजला: तुम्ही दोघं सांख्यिकीवर भांडा, पण प्रश्नावल्या भरून कोण घेतं ते बोला की. आमच्याकडे बाहेरची टीम आली होती. भाषांतर मी केलं, मुलांना मी बसवलं, कुठलं विधान कुणालाच कळत नाही हेही मीच लिहून कळवलं. पेपर आला तेव्हा माझं नाव आभारात, तेही चुकीच्या स्पेलिंगने. आणि न कळणारी विधानं तशीच्या तशी!

निर्देशांक: ताई, वाईट वाटलं, पण डेटा गोळा केला म्हणून कुणी लेखक होत नाही. आयसीएमजेई या संपादकांच्या समितीचे लेखकत्वाचे निकष वाचा. मसुद्यात सहभाग, अंतिम संमती, जबाबदारी, हे सगळं लागतं.

तळमजला: मसुदा दाखवलाच नाही, तर सहभाग कुठून देऊ? आणि निकष अर्धे वाचून मला शिकवू नका. पहिला निकष, म्हणजे आखणीत किंवा डेटा गोळा करण्यात भरीव वाटा, पूर्ण करणाऱ्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी द्या, असं त्यातच लिहिलंय.

निर्देशांक: ते वैद्यकीय नियतकालिकांसाठी आहे.

तळमजला: मग काढलंत कशाला?

निर्देशांक: आवाज खाली. प्रत्येक धाग्यात हेच गाऱ्हाणं.

सूचीकार: गाऱ्हाणं नाही, पद्धतीचाच मुद्दा आहे तो. ज्या बाईला विधान कुठे अडतं हे माहीत होतं तिला प्रश्नावली ठरवताना बसवलं असतं, तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचली असती.

पोथीनिष्ठ: आमच्या गाईडना हे सांगून पाहा. मुलाखती घेते म्हटलं, तर म्हणाले, "आकडे कुठायत?" शेवटी पाच बिंदूंची मापनी चिकटवली. दोन गटांतल्या एकाने सगळीकडे 'सहमत'च केलं. वरिष्ठांसमोर भरलेला फॉर्म, दुसरं काय होणार! व्हायव्हात कुणी विचारलंसुद्धा नाही.

सरासरी: मग दोष मापनीचा की वरिष्ठांसमोर भरून घेण्याचा? हेच म्हणतोय मी. नीट राबवा, आकडे खोटं बोलत नाहीत.

सूचीकार: 'नीट' म्हणजे कसं, ते ठरवायलाच तर आधी गप्पागोष्टी कराव्या लागतात.

सरासरी: बरं, घ्या. आधी दहा-वीस मुलाखती, मग मापनी, मग तुमचं ते इन्व्हेरियन्स. समाधान? फक्त तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये हे दोन देशांत कोण बसवणार, तेही धागाकर्त्यांनी सांगावं. आणि इन्व्हेरियन्स नाही निघालं तर प्रबंध जाळायचा का?

सूचीकार: का जाळायचा? नाही निघालं हाच निष्कर्ष. कुठल्या विधानांवर गट फुटले ते छापा. पुढच्याचे कष्ट वाचतील.

तळमजला: आणि छापताना ती विधानं कुणी दाखवून दिली तेही लिहा. स्पेलिंग मला विचारून.