गाळा ३ चं नेमकं काय ठरलं?

वंदनाकाकू ए-१०३ (सकाळी ८:१०): नमस्कार सगळ्यांना. काल दुपारी २ ते ४ गाळा ३ मध्ये ड्रिल चालू होतं. माझ्या देवघरातली घंटी आपोआप वाजत होती. स्वाती, पार्लर वाढवायला मधली भिंत पाडून राहिली का तू? ग्रुपवर एक शब्द तरी टाकायचा होता. घरात बीपीचा पेशंट आहे, माहीत आहे सगळ्यांना.

मधुकरराव बी-१०१: पार्किंगचा मुद्दा आधी घ्या. शनिवारी संध्याकाळी गट्टूवर ७ गाड्या होत्या. फोटो टाकतो आहे.

स्वाती पार्लर: काकू, ड्रिल माझं नव्हतं. दिवाकरकाकांनी शटरची पट्टी बदलली. गाळा घ्यायचं अजून पक्कं नाही. बोलणं चालू आहे फक्त.

दिवाकरकाका ए-३०२: शटर माझं, गाळा माझा. बोलणं जवळपास झालेलं आहे. पोरगी मेहनती आहे. शनिवार-रविवारी बायका पायरीवर बसून असतात, जागा पुरत नाही हे आंधळ्यालाही दिसते. सर्वांनी आशीर्वाद द्यावा. 🙏

रोहित ए-४०१: काका, आशीर्वाद की डिपॉझिट?

सेक्रेटरी बी-२०४: रोहित, कृपया. दोन्ही गाळे मंजूर नकाशात दुकान म्हणूनच आहेत, भाड्याने द्यायला सोसायटीची हरकत नाही. भिंतीला हात लावायचा असेल तर इंजिनिअरचं पत्र आणि कमिटीची परवानगी लागेल. गाळा ३ चा ५ महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, हेही जाता जाता.

दिवाकरकाका ए-३०२: जाता जाता की मुद्दाम? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशेब आम्ही कधी ग्रुपवर मागितला का?

वसंतराव ए-२०१: त्या भिंतीतून बोअरच्या मोटरची लाईन गेली आहे. मीच उभं राहून घालून घेतली होती. पाडणाऱ्याने आधी मला विचारावं.

मधुकरराव बी-१०१: गट्टूवर ७ गाड्या. फोटो पुन्हा टाकतो आहे. कोणी उत्तर देऊन नाही राहिलं.

शोभा बी-१०१: अहो, त्यातली मरून ज्युपिटर आपलीच आहे.

रोहित ए-४०१: 😂😂😂

निखिल बी-४०३: स्वातीवहिनी, रागावू नका, एक विचारतो. शनिवारचं सोडा. मंगळवारी दुपारी ३ वाजता किती खुर्च्या भरलेल्या असतात?

स्वाती पार्लर: ३ पैकी एखादी. कधी तीही नाही. पण शनिवारी मी ५-६ जणींना परत पाठवते हो निखिलभाऊ. त्या सरळ धरमपेठला जातात.

दिवाकरकाका ए-३०२: तेच तर! गिऱ्हाईक परत जाणं म्हणजे लक्ष्मी परत जाणं.

निखिल बी-४०३: आज रजिस्टर काढून बसा. ३ खुर्च्या, रोजचे ९ तास, सोमवार बंद, म्हणजे आठवड्याचे १६२ तास. भरतात किती ते पाहा. आणि पहिला गाळा सासऱ्यांचा, त्याचं भाडं तुम्ही धरत नाही. स्वतःचा पगार धरता का?

स्वाती पार्लर: माझा कशाला पगार? उरते ते माझंच.

निखिल बी-४०३: इथेच गडबड आहे. गाळ्याचं १५ हजार भाडं आणि तुमचा २० हजार पगार कागदावर तरी लिहा. मग महिन्याला काय उरते ते पाहा. त्यातून उरत असेल तर दुसऱ्या गाळ्याचं बोलू.

वंदनाकाकू ए-१०३: घरच्या बाईने घरच्या दुकानात पगार घ्यायचा? नवीनच ऐकून राहिली.

शोभा बी-१०१: घ्यायलाच पाहिजे काकू. मी तर स्वयंपाकाचाही मागून राहिली.

सेक्रेटरी बी-२०४: बोअरला पाणी कमी येऊन राहिलं आहे. कुलरची टाकी नळ चालू ठेवून भरू नये. सर्वांना विनंती.

वंदनाकाकू ए-१०३: सर्वांना की मला?

दिवाकरकाका ए-३०२: निखिल, तुम्ही सीए लोक धंदा सुरू व्हायच्या आधीच बंद करता. १८ हजार भाडं, फक्त. या रोडवर दाखव दुसरीकडे.

निखिल बी-४०३: काका, भाडं १८, एक मुलगी १२, एसी धरून वीज ५. झाले ३५ हजार. सरासरी बिल ४५० चं, सामान वगैरे जाऊन हाती ३००. म्हणजे महिन्याला ११७ नवीन गिऱ्हाईकं फक्त बरोबरीत यायला. २६ दिवसांत रोजची साडेचार. परत जाणाऱ्या बायका शनिवारी येतात, रोज नाही येत.
आणि वहिनी, आज महिन्याचा गल्ला १ लाख ४० हजार म्हणजे वर्षाचे १६ लाख ८० हजार. त्यात हे ११७ धरले की वर्ष २० लाखांच्या पुढे जाते, जीएसटी नंबर घ्यावा लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरला १८ ऐवजी ५ टक्के झाला म्हणून सगळे खूश आहेत, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा होत नाही. नवीन खुर्च्या, एसी, फर्निचर यावरचा कर खिशातूनच. दिवाकरकाकांकडे जीएसटी नंबर नसेल तर भाड्यावरचे १८ टक्केही तुम्हीच भरायचे, महिन्याला ३,२४०.

दिवाकरकाका ए-३०२: माझ्यामुळे कर लागून राहिला का आता?

स्वाती पार्लर: बाप्पा. मी तर मुद्रा लोनचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला. ५ लाखांचा.

वंदनाकाकू ए-१०३: आणि लग्नसराई? यंदा अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून एक मुहूर्त नाही. नवरीचा मेकअप कोण करेल? पुढे चातुर्मास आहेच. पंचांग पाहून धंदा करावा.

रोहित ए-४०१: निखिलदादापेक्षा काकू भारी. 🔥

मधुकरराव बी-१०१: फोटो कापून पुन्हा टाकतो आहे. गट्टूवर ६ गाड्या.

निखिल बी-४०३: काकूंचं बरोबर आहे. एप्रिलची गर्दी पाहून भाड्याचा करार करू नये, तो ११ महिने चालतो. आणखी एक, वहिनी. तुम्ही ८ दिवस माहेरी अमरावतीला गेलात तर पार्लरचं काय होते?

स्वाती पार्लर: दिवाळीला गेले होते तीन दिवस. दुसऱ्या दिवशी फोन आला, कलर कोणता मिसळायचा म्हणून. रात्रीच्या बसने परत आले.

वंदनाकाकू ए-१०३: त्या मागच्या पोरीसारखं नको व्हायला. हाताला चांगली झाली आणि मानेवाड्याला स्वतःचं टाकून बसली. नंबरही घेऊन गेली सगळ्यांचे.

स्वाती पार्लर: हो. आणि काकू, तुम्हीही गेलात तिच्याकडे.

वंदनाकाकू ए-१०३: एकदाच. थ्रेडिंगला. तू फोन उचलला नव्हता.

स्वाती पार्लर: शनिवारच होता तो.

वसंतराव ए-२०१: बोअरची लाईन जमिनीपासून ४ फुटांवर आहे. पाडणाऱ्याने मला विचारावं.

सेक्रेटरी बी-२०४: वसंतराव, कोणीच पाडून नाही राहिलं.

वसंतराव ए-२०१: मग शटर का बदललं?

स्वाती पार्लर (रात्री १०:४०): रजिस्टर काढलं. मागच्या आठवड्यात १६२ पैकी ८८ तास. त्यातले ४७ शनिवार-रविवारचे. मंगळवार ते शुक्रवार मिळून ४१, तेसुद्धा लग्नाच्या दिवसांत. भाडं आणि पगार लिहिला तर उरतात ४ हजार. मी दोन वेळा बेरीज केली. यांनी पण केली.

शोभा बी-१०१: मग मंगळवारी-बुधवारी दुपारी काही कमी कर ना. आम्ही घरीच असतो.

निखिल बी-४०३: कमी करायच्या आधी फेशियलला किती सामान लागते ते मोजा. बाकी शोभाकाकू बरोबर बोलल्या. आणि जूनमध्ये मुहूर्त नाहीत तेव्हा ८ दिवस अमरावतीला जाऊन पाहा. फोन बंद ठेवून.

दिवाकरकाका ए-३०२: मला एक मोबाईल रिपेअरिंगवाला विचारून राहिला होता, हे सांगून ठेवतो. मागून म्हणू नका. जूनपर्यंत थांबेन, त्याच्या पुढे नाही.

सेक्रेटरी बी-२०४: काका, जूनपर्यंत ७ महिन्यांचा मेंटेनन्स होईल.

दिवाकरकाका ए-३०२: शुभ रात्री.

मधुकरराव बी-१०१: मोबाईलवाल्याकडे तर मुलांच्या बुलेट येतील. पार्लरच बरं. पण ६ गाड्यांचं काय?

वंदनाकाकू ए-१०३: स्वाती, शनिवारी ५ वाजता जमेल का गं? नातीचा साखरपुडा आहे रविवारी.

स्वाती पार्लर: शनिवार फुल आहे काकू. शुक्रवारी ३ वाजता या. तिन्ही खुर्च्या मोकळ्या आहेत.